पट्टीवरची आई

टक झालं, पण दिवा लागला नाही. त्यानं बटण वर केलं, पुन्हा खाली दाबलं. या खेपेला टकच्या जागी चुर्र असा आवाज आला आणि बटणाच्या फटीत काहीतरी निळं चमकून विझलं. एवढंसंच, भिंतीच्या आतून कुणीतरी डोळा मारावा तसं. त्यानं हात मागे घेतला. पलंगावर पाय पसरून बसलेल्या आईनं चष्म्याच्या वरून पाहिलं. "भर दुपारी दिवा कशाला हवा होता तुला?" ती म्हणाली. प्रश्न रास्त होता. खोलीला तीन खिडक्या, तिन्हींतून ऊन आत आलेलं, पलंगाखालच्या सपातांवरची धूळसुद्धा स्पष्ट दिसत होती. दिवा त्याला नकोच होता. त्याला एक वाक्य बोलायचं होतं, आणि उंबरठ्यापर्यंत ते तोंडात तयार होतं: आई, तू मागच्या खोलीत राहायला जाशील का? आत पाऊल टाकल्यावर आईनं वर पाहिलं आणि तोंड उघडण्याऐवजी हात उचलला गेला, हाताला जे पहिलं लागलं ते दाबलं गेलं. माणसं अशा वेळी खोकतात, खिसे चाचपतात. यानं दिवा लावायला घेतला. "बघत होतो," तो म्हणाला. "काय?" "लागतोय का." "नाही लागत. दाबलं की फुसफुसतं नुसतं," आई म्हणाली. "मी त्याच्याशी बोलणं सोडलंय." "मग सांगायचंस ना!" तो जरा मोठ्यानं म्हणाला. त्याला एकदम हायसं वाटलं होतं. वाक्य टळलं होतं आणि त्याच्या जागी एक काम मिळालं होतं. "आत्ता बदलून टाकतो." "तू?" आई म्हणाली. हा एका अक्षराचा प्रश्न त्याला दाराबाहेर पडेपर्यंत पाठीत टोचत राहिला.

वाक्याचा मसुदा बायकोचा होता. 'जा' म्हणायचं नाही, 'जाशील का' म्हणायचं. 'आम्हाला खोली हवीय' म्हणायचं नाही, 'उजेड हवाय' म्हणायचं. आणि रविवार संपायच्या आत म्हणायचं. ती घरी बसून दवाखान्यांसाठी पांढरे कोट शिवायची. पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा. ही गोष्ट सांगायला सोपी आणि बघायला कठीण. मागच्या खोलीची एकुलती खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची, आणि ती भिंत इतकी जवळ होती की तिच्यावरचा ओलीचा डाग त्या दोघांना घरातल्या माणसासारखा ओळखीचा झाला होता. तिथं दिवसासुद्धा दिवा लावून काम करावं लागायचं, म्हणून बायकोनं आपलं बस्तान मधल्या खोलीत, जेवणाच्या टेबलावर हलवलं होतं. तिथंही उजेड उसनाच. जेवताना कापड गुंडाळून एका कडेला सरकवायचं, ताटाखाली खडूची भुकटी, एकदा तर त्याच्या घासात टाचणी निघाली. त्यानं ती काढून ताटाच्या कडेला ठेवली आणि बायकोनं उचलून आपल्या पदराला लावली. या सगळ्याचं तो हसू करत आला होता. पण मागच्या खेपेला कोटांचा एक गठ्ठा परत आला. कॉलरी वाकड्या. माल घेणाऱ्या बाईनं गोड आवाजात सांगितलं होतं की पुन्हा असं झालं तर दुसरीकडे बघावं लागेल. त्या रात्री बायको रडली नाही, ओरडली नाही. तिनं गठ्ठा सोडला आणि एकेक कॉलर उसवायला घेतली. रडली असती तर त्याला बरं पडलं असतं. उसवण्याचा तो कर्र कर्र आवाज मात्र त्याच्या कानात राहिला आणि त्या आवाजाखाली त्यानं "मी बोलतो आईशी" असं कबूल करून टाकलं.

बटणाच्या दुकानाकडे जाताना तो भराभर चालत होता. रस्त्यावर सुट्टीचा संथपणा होता, माणसं कुठेही न पोचण्यासाठी चालल्यासारखी चालत होती, आणि त्यांच्यातून वाट काढताना त्याला उगाच चीड येत होती. विमा कंपनीत आगीच्या दाव्यांची तपासणी हे त्याचं काम. जळालेल्या दुकानांच्या, गोदामांच्या, घरांच्या दारात उभं राहून, नाकाला रुमाल लावून, काय होतं आणि काय नव्हतं याचा अंदाज बांधायचा. या धंद्यात त्याला माणसं चांगली कळायला लागली होती असं त्याचं स्वतःविषयी मत होतं. रडण्यावरून नुकसान कळत नाही. माणूस कुठल्या वस्तूचं नाव आधी घेतो त्यावरून कळतं, असं तो नव्या लोकांना शिकवायचा. ज्याचं खरंच गेलंय तो आधी काहीतरी क्षुल्लक सांगतो, कंगवा, पायपुसणं, भिंतीवरचा खिळा. ज्याला मिळवायचंय तो कपाटापासून सुरुवात करतो. आणि कारणाच्या रकान्यात त्याच्या कचेरीतला सगळ्यात सोयीचा शब्द होता शॉर्ट सर्किट. जिथं कुणाचाच दोष नाही असं लिहायचं असेल तिथं तो लिहायचा. मालकाचा नाही, नोकराचा नाही, विडी ओढणाऱ्या पाहुण्याचा नाही. तारांचं आपसात काहीतरी झालं. इतकी वर्षं हा शब्द वापरूनही त्यानं भिंतीवरचं एक बटण कधी उघडून पाहिलं नव्हतं. हे आत्ता, दुकानाच्या पायरीवर लक्षात आलं.

"जुनं आणलंय?" दुकानदारानं विचारलं.

"नाही. साधं द्या. दिव्याचं."

"साधंच म्हणतात सगळे. आणि मग संध्याकाळी बदलायला येतात." त्यानं खोक्यातून एक काढून काउंटरवर ठेवलं. "टेस्टर आहे ना घरी?"

"आहे," तो म्हणाला. नव्हता. पण दुकानदाराच्या आवाजात आईच्या 'तू?'चाच सूर त्याला ऐकू आला होता.

"मेन बंद करायचा हं आधी."

"माहितीये. माझं कामच आहे ते."

"वायरमन आहात?"

"नाही. आग लागल्यावर जातो मी."

"बंबवाले?"

"त्यांच्याही नंतर."

दुकानदारानं त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि दुसरं एक बटण काढून पहिल्याच्या शेजारी ठेवलं. "मग तुम्ही दोन घेऊन जा," तो म्हणाला.

घरात शिरला तेव्हा बायको मशीनवर होती. पाय न थांबवता तिनं विचारलं, "बोललास?" "बटण आणलं." "मी बटणाचं विचारलं का?" ती कुजबुजली. या घरात कुजबुजण्याला काही अर्थ नव्हता, आईच्या खोलीपर्यंत सगळं जायचं, पण रीत म्हणून ती दोघं कुजबुजायची. "आता तिथंच जातोय ना. काम करता करता बोलेन. सहज निघेल विषय." बायकोनं मशीन थांबवलं. तिला नवऱ्याची ही 'सहज'ची तऱ्हा पाठ होती. अवघड गोष्टीच्या समोरच्या दारानं तो कधी जायचा नाही. भोवती फिरायचा, कुंपणाला काय काय दुरुस्ती लागेल ते बघायचा. "मेन नको हं बंद करू, मशीन थांबेल," ती म्हणाली. "उद्या सकाळी माल द्यायचाय. कॉलरी आत्ताच लावून घेते, आहे तेवढ्या उजेडात." 'आहे तेवढ्या' वर तिनं किंचित जोर दिला. किंचितच.

म्हणून त्यानं मेन बंद केला नाही. बाहेरच्या दारामागे फ्यूजची लाकडी पेटी होती, जुन्या तऱ्हेची, चिनी मातीचे पांढरे तुकडे ओढून काढायचे. प्रत्येकावर बाबांनी कागदाची पट्टी चिकटवलेली. बाबांना पट्ट्यांचं वेड होतं. किल्ल्यांवर, डब्यांवर, छत्रीच्या मुठीवर, पट्टी असल्याशिवाय वस्तू आपली जागा विसरेल अशी त्यांना धास्ती असावी. ते गेले त्या वर्षी आईनं डब्यांवरच्या पट्ट्या गरम पाण्यानं काढून टाकल्या होत्या, का ते कुणी विचारलं नाही. पेटीतल्या तेवढ्या राहिल्या. शाई तपकिरी झाली होती, पण अक्षर शाबूत, जरा उजवीकडे कललेलं, घाईत असलेल्या माणसासारखं: बाहेर. स्वयंपाक. आई. आम्ही. तो शोधायला आला होता आणि शोधावंच लागलं नाही. 'आई' ओढून काढला, आणि हरवायला नको म्हणून सदऱ्याच्या खिशात टाकला. खिसा छातीवर जड झाला. मशीन चालूच होतं. घरात कुठं काही बंद पडल्याची खूण नव्हती, आणि ते त्याला व्यवस्थित काम झाल्याची पावती वाटलं.

"स्क्रू माझ्याकडे दे," आई म्हणाली. "तू हरवशील." तिनं पलंगावरून उतरून खुर्ची बोर्डाजवळ ओढली होती आणि हाताची वाटी करून बसली होती. एकेक स्क्रू तो तिच्या तळहातावर ठेवत गेला. बोर्डाची झाकणपट्टी निघाली तसा आत साठलेल्या वर्षांचा वास आला, चुना, जुनं रबर, आणि मुंग्यांनी आणून ठेवलेली बारीक माती. मागे तारा होत्या, दोऱ्याच्या गुंडीतून निसटलेल्या टोकांसारख्या, एकीचा लाल रंग उडून विटकरी झालेला. जळालेल्या दुकानांत तो हेच बघायचा, पण काळं झालेलं. हे जिवंत असताना कसं दिसतं ते तो पहिल्यांदा बघत होता, आणि उघड्या पोटाकडे बघवत नाही तसं त्याला होत होतं. आता बोलावं. विषय सहज निघेल. खिडक्या चांगल्या आहेत नाही, असं म्हणावं. किंवा, या खोलीत तुला ऊन फार होत असेल. 'ऊन फार' हे बरं होतं. "आई, तुला इथं ऊन फार होत असेल ना गं दुपारचं?" त्यानं तारांशी बोलल्यासारखं विचारलं आणि बटणाच्या मागचा विटकरी फास बोटानं सरळ करायला गेला.

ऊन आईला फार होतं की नाही ते त्याला कळलं नाही. कुणीतरी त्याचा हात कोपरापासून हिसकून घेतला आणि आवडला नाही म्हणून परत फेकला. असंच काहीतरी. आवाज झाला नाही. किंवा झाला तो त्याच्या दातांच्या आत झाला. स्क्रू ड्रायव्हर फरशीवर आपटून पलंगाखाली गेला. मग तो भिंतीपासून दोन हात लांब उभा होता आणि आपण इथं कसे आलो ते त्याला आठवत नव्हतं. पायात रबरी चपला होत्या हे नशीब, पण ते नंतर सुचलं. त्या क्षणी एवढंच जाणवलं की जीभ तोंडात मोठी झालीय आणि बोटांची टोकं दुसऱ्या कुणाचीतरी आहेत.

"काय रे? काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही काय! आरशात बघ तोंड. बस आधी. बस इथं." आईनं वाटीतले स्क्रू पलंगावर ओतले आणि त्याचा दंड धरून त्याला खाली बसवलं. तिच्या बोटांत चांगलाच जोर होता. "मेन बंद नाही केलास?"

"फ्यूज काढलाय ना," तो म्हणाला. आवाज बारीक आला. "तुझाच काढलाय. हा काय." त्यानं खिशातून चिनी मातीचा तुकडा काढून तिच्यासमोर धरला. तिनं तो काढून घेतला, खिडकीच्या उजेडात नेला, चष्मा कपाळावर सरकवून अगदी डोळ्यांजवळ धरून वाचला. आणि हसायला लागली. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग तिला डोळे पुसावे लागले.

"अरे वेड्या," ती म्हणाली, "ही मी नव्हे."

"म्हणजे?"

"हे तुझ्या बाबांनी लिहिलंय ना? मग त्यांची आई. तुझी आजी. मागची खोली." तिनं तुकडा त्याच्या मांडीवर ठेवला. "आणि मीही त्यांना आईच म्हणायचे. या घरात तेव्हा आई म्हटलं की मागून ओ यायची."

त्यानं पट्टीकडे पाहिलं. तीच दोन अक्षरं. आपण 'आई' वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर क्षणभरही दुसरं कुणी आलं नव्हतं, याचं त्याला आता नवल वाटत होतं. शब्द आपल्याच मालकीचा आहे असं समजून त्यानं तो ओढून खिशात टाकला होता. आजीला तो आजी म्हणायचा; ती कुणाची आई होती ही गोष्ट ऐकून ठाऊक होती, पण हाताला कधी लागली नव्हती. आत्ता लागली, कोपरापर्यंत. बायको पण आईला आईच म्हणते. म्हणजे आणखी काही वर्षांनी, त्याला वाटलं, आणि ते वाटणं तिथंच सोडून त्यानं विचारलं, "मग तुझा कुठला?"

"मी 'आम्ही'," आई म्हणाली. "आता एकटीच आहे, पण पट्टी कोण बदलतंय."

तो उठला आणि दुसरा फ्यूज काढायला गेला. बायकोनं मशीनवरून भुवया उंचावल्या, त्यानं नुसता हात हलवला, तो डावा. उजवा अजून सांगितलेलं ऐकत नव्हता. परत आला तेव्हा आईनं खाली वाकून पलंगाखालचा स्क्रू ड्रायव्हर काढून ठेवला होता. फासाला त्यानं आधी स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं, मग नखाची कड, मग डोळे मिटून बोट. काही नाही. तार नुसती तार होती. त्यानं जुनं बटण सुटं केलं. आत पितळेची पट्टी काळी पडून वाकली होती.

"बोल आता," आई मागून म्हणाली.

"काय बोलू?"

"ज्यासाठी आलास ते. उन्हाचं काय म्हणत होतास?"

"सहज विचारलं."

"तुझे बाबा त्यांच्या आईकडे तेलाची बुधली घेऊन गेले होते," आई म्हणाली. "तू स्क्रू ड्रायव्हर घेऊन आलास. बाकी सगळं तेच."

त्याला बुधली आठवत होती. तिची लांब, वाकडी चोच आठवत होती. आजी तेव्हा या खोलीत होती, या पलंगावर, आणि पंखा कुरकुरायचा. बाबा स्टुलावर चढले होते, आजीनं स्टुलाचा पाय धरला होता, तो दारात उभा होता कारण पंखा उघडल्यावर आत काय असतं ते त्याला बघायचं होतं. पात्यांवरून काळ्या कापसासारखी जळमटं चादरीवर पडत होती. तेलाचा एक थेंब आजीच्या कपाळावर पडला आणि तिनं तो पुसला नाही, कारण दोन्ही हात स्टुलाला होते. बाबा वर बघूनच काहीतरी बोलत होते. पंख्याशी बोलताहेत असं त्याला वाटलं होतं. मग बाबा उतरले, पंखा सुरू केला, आवाज गेला होता. आजी खाली बसून चादर गोळा करायला लागली, जळमटांसकट, चारी कोपरे एकत्र करून. धुवायला नेतेय असं तो धरून चालला होता. इतकी वर्षं तो दिवस त्याच्याकडे 'पंखा दुरुस्त झाला तो दिवस' म्हणून जमा होता. चांगल्या दिवसांत जमा होता. कचेरीत तो कधी कधी सांगायचा, माझे वडील घरातली सगळी दुरुस्ती स्वतः करायचे. आता त्या चादरीचे चार कोपरे त्याच्या डोळ्यांसमोर पुन्हा एकत्र आले आणि आजी तो गठ्ठा उचलून दारातून, त्याला बाजूला करून, मोरीकडे न वळता सरळ मागच्या खोलीकडे गेली.

"ती काही बोलली नाही?" त्यानं विचारलं.

"काय बोलणार? विचारलं कुठं होतं. पंखा नीट झाला आणि त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी ह्यांनी पट्टी चिकटवली." आई खुर्चीत सरळ बसली होती. तिचा आवाज मघाच्या हसण्यापासून फार लांब गेला नव्हता, म्हणून त्याला तो जास्त झोंबत होता. "मला मोठी खोली हवी होती. मीच म्हणाले होते ह्यांना. खोटं कशाला बोलू? त्यामुळे मला सगळं माहितीये. मागच्या खोलीत गेलेलं माणूस मला रोज दिसत होतं. म्हणून सांगते, मी जाणार नाही."

त्याच्या हातात नवं बटण होतं, गुळगुळीत, वजन नसल्यासारखं. आई कुठल्या वस्तूचं नाव आधी घेते इकडे त्याच्या कानाचं, नको म्हटलं तरी, लक्ष होतं. खिडकी म्हणेल, पलंग म्हणेल, बाबांचं कपाट म्हणेल, आणि कपाट म्हणाली तर आपल्याला जरा सोपं जाईल, हा नीच हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप चालू झाला होता.

"इथून दार ऐकू येतं," आई म्हणाली.

"कुठलं दार?"

"बाहेरचं. कोण आलं, कोण गेलं. तू चप्पल कशी काढतोस त्यावरून कळतं, कचेरीत काय झालं असेल. तुझी बायको पिशवी आपटते की ठेवते. मागे गेलं की नुसता शेजाऱ्यांचा खोकला. आईंना आम्ही जेवायला हाक मारायचो तेव्हा त्या विचारायच्या, सगळे आले का? त्यांना कळायचंच नाही."

कचेरीच्या रीतीनं बघायला गेलं तर दावा खरा होता, शंभर टक्के खरा, आणि भरपाई देता येण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. मशीन थांबलं होतं. ते केव्हा थांबलं ते त्याला सांगता आलं नसतं, पण आता त्या थांबण्याला बराच वेळ झाल्यासारखं वाटत होतं. बायको दारात उभी होती, एक बाही न लागलेला कोट हातावर टाकून. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"आई," ती म्हणाली, "मला डोळ्यांना दिसत नाही हो तिथं. कॉलर लागत नाही. माल परत आला ते तुम्हाला कळलंच असेल."

"कळलं. रात्रभर उसवत होतीस."

"तुम्ही जा असं मला म्हणायचं नव्हतं."

"म्हणायचं होतं तुला," आई शांतपणे म्हणाली. "मीपण तेव्हा असंच सांगायचे सगळ्यांना."

बायकोचा चेहरा लाल झाला. तिनं कोट या हातावरून त्या हातावर घेतला. "होतं," ती म्हणाली. "बरं. होतं. पण नका जाऊ तुम्ही. मला टेबल आत आणू द्या फक्त."

"एवढं मोठं टेबल? मग मी काय, त्याच्यावर झोपू?"

"पलंग भिंतीला सरकवला तर मावेल."

"कुठल्या भिंतीला? या? म्हणजे माझं तोंड खिडकीकडे नाही राहणार."

"मग त्या."

"त्या भिंतीला हवा येत नाही." आई उठली. तिनं पावलांनी पलंगापासून खिडकीपर्यंतचं अंतर घेतलं, थांबली, परत घेतलं. "मधली खिडकी तुला. ती नीट उघडत नाही, पण उजेडाला काय करायचंय. कडेची माझी. आणि दार लावायचं नाही कधी. तुझं कापड उडालं तरी."

"उडेल ना हो, आई."

"वजन ठेव. आणि पिना गोळा करायच्या. मी अनवाणी फिरते."

"तुम्ही सपाता घाला."

"माझ्या खोलीत मी सपाता घालू?"

दोघींनी एकदम एकमेकींकडे पाहिलं. हसल्या नाहीत, पण हसण्याच्या काठावरून कशातरी परत आल्या. त्यानं विटकरी तार एका स्क्रूखाली घेतली, दुसरी दुसऱ्याखाली, आणि पिरगाळून घट्ट केली. पलंगावरचे स्क्रू आता त्यालाच उचलून घ्यावे लागले. एक सापडेना. विचारावं म्हणून त्यानं वर पाहिलं, तर दोघी टेबलाचा लांबचा कोपरा कुठं येईल ते फरशीवर खडूनं आखत होत्या. आई जागा दाखवत होती आणि बायको गुडघ्यांवर बसून रेघ मारत होती. "रात्री मशीनचा आवाज होईल हं," बायको म्हणाली. "आता कितीही उशिरापर्यंत बसेन मी." "मला कुठं झोप येते? बस. उशीर झाला तर इथंच आडवी होत जा, पलंग रुंद आहे." "मग हे?" आईनं मागे वळून पाहिलं, खोलीत आणखी कुणी आहे हे आत्ता आठवल्यासारखं. "हा? हा मागे झोपेल. ह्याला कुठंही झोप येते, लहानपणापासून."

त्यानं झाकणपट्टी आहे तेवढ्या स्क्रूंवर बसवली, दोन्ही फ्यूज पेटीत जागच्या जागी दाबून आला आणि बटण दाबलं. टक. दिवा लागला. तिन्ही खिडक्यांतून ऊन येत होतं, त्यामुळे दिवा लागलाय हे बल्बकडे बघितलं तरच कळत होतं. "लागला," तो म्हणाला. "घालव मग," आई खाली रेघेकडे बघत म्हणाली. "आणि तेवढं टेबल सरकव बघू इकडं."

तो मधल्या खोलीत गेला. कापड गुंडाळून खुर्चीवर ठेवलं, कात्री ठेवली, दोऱ्याची रिळं ताटलीत भरली. टेबल नुसतं ओढलं तर फरशीला चरे पडले असते. त्यानं आपल्या बाजूनं ते उचललं आणि मग लक्षात आलं की दुसऱ्या बाजूला कुणीतरी लागणार. "जरा या गं कुणीतरी," त्यानं हाक मारली. "आले, आले," असं आतून आलं. दोघींपैकी कुणाचा आवाज होता ते त्याला ओळखता आलं नाही. उजव्या हाताला अजून नीट पकड नव्हती, सगळं वजन डाव्यावर येत होतं. आत दोघी पडद्याबद्दल बोलत होत्या, काढायचा की ठेवायचा. त्यानं टेबलाची कड मांडीला टेकवली, पकड बदलली, आणि बाहेरचं दार वाजतंय का असा उगाच कान देत, ते तसंच धरून उभा राहिला.